कोंबडा आरवण्याआधी

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या मेजावरच शिष्यांची जुंपते: आपल्यात मोठा कोण? ते शमते न शमते तोच येशू शिमोन पेत्राला दोनदा नावाने हाक मारतो. सैतानाने तुम्हा सगळ्यांना गव्हासारखे चाळायला मागितले आहे, हे सांगतो; आणि तुझा विश्वास खचू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, हेही.

चाळणी टळावी असे मागणे यात नाही. ती फिरणार, हे धरूनच चाललेले आहे. इतकेच नव्हे, परत फिरलास की भावांना सावर, असे पडण्याआधीच उठल्यानंतरचे काम नेमून दिले जाते. पेत्र बाणेदारपणे म्हणतो, तुरुंगात काय, मरायलाही तयार आहे. आज कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे भाकीत येते ते त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मग येशूला धरून नेल्यावर, महायाजकाच्या घराच्या अंगणातला विस्तव. उजेडात एक दासी पेत्राला निरखते, हाही त्याच्याबरोबर होता म्हणते. तो नाही म्हणतो. थोड्या वेळाने दुसरा कोणी, पुन्हा नाही. तिसऱ्या नकाराआधी लूक सुमारे तासभर जाऊ देतो, आणि तो तास भयंकर आहे. पहिला नकार भीतीने निसटला म्हणावे, पण तासाभरात माणसाला उठून जाता आले असते. तो जात नाही. तिसऱ्यांदा बोलत असतानाच कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो. ही नजर चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या लूकने टिपली आहे. पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडतो.

प्रार्थना फुकट गेली म्हणायची? मला तर ते रडणे हेच तिचे फळ वाटते. धैर्य गेले, शब्द गेला. त्या नजरेने काळीज फाटावे एवढे नाते मात्र उरले. आणि ते काही पेत्राने राखलेले नव्हते.

लूकच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’त, बाराव्या अध्यायात, पेत्र खरोखरच तुरुंगात आहे. उद्या हेरोद बाहेर काढणार, आणि हा दोन शिपायांमध्ये साखळदंडांनी जखडलेला असा गाढ झोपलाय की देवदूताला कुशीत मारून उठवावे लागते. (घोरत असावा, ही माझी भर.)

देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो, हे मांडताना १६१८-१९ च्या डॉर्टच्या कॅल्व्हिनपंथी धर्मसभेने पेत्राच्या पतनाचाही उल्लेख केला. वेस्लीच्या मेथॉडिस्ट परंपरेला ही हमी इतकी सरसकट मान्य नाही, आणि तिच्या शंकेला याच अध्यायात जागा आहे. येशूला धरून देणारा यहूदाही त्या मेजावर होता. तो कधी उठून गेला हे लूक सांगत नाही. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली का, तेही नाही.