‘सांगत्ये ऐका’ : साधन म्हणून परीक्षण

रंगभूमि व बोलपट यांतील नटी हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ हें आत्मकथन १९७० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. नांव अनंत माने यांच्या १९५९ च्या बोलपटावरून घेतलेलें आहे. कथन बाईंचें, शब्दांकन अरुण साधू यांचें. म्हणजे हें लेखन जुन्या कैफियतीच्या जातीचें. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. दोघांचे शब्द वेगळे करण्यास वाचकाजवळ साधन नाहीं, हें या ग्रंथाचें मुख्य वैगुण्य होय.

‘संत सखू’ (१९४१), ‘रामशास्त्री’ (१९४४), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) यांचा काल जाहिराती व बोलपटांच्या पुस्तिकांवरून ताडतां येतो. तेथें स्मृतीपेक्षां कागद श्रेष्ठ. परंतु मिळवत्या स्त्रीच्या कमाईवर तिच्याच घरांत कोणाची सत्ता चाले, हें कोणत्याही चित्रसंस्थेच्या दप्तरांत सांपडणार नाहीं. तेथें बाईंची साक्ष हाच मुख्य आधार. आणि स्वतःचें मद्यपानही त्या झांकीत नसल्यानें ती साक्ष वजनदार ठरते.

या कथनावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटांतील प्रसंग मात्र चरित्रांत पुरावा म्हणून घेऊं नयेत. ती निराळी कलाकृति आहे.

बाईंचें मूळ नांव रतन साळगांवकर. संग्राहकांनीं दोन्ही नांवांनीं कागद शोधावे. पुस्तिका, करारपत्रें रद्दींत जाऊं देऊं नयेत. कैफियतीस जोड कागदाची मिळाली, तरच नटीच्या आयुष्याचा इतिहास होईल. एरव्हीं ती केवळ वदंता उरेल.