वाऱ्याच्या वंशाला वीज कशाला?

२०२२ साली ‘मॉर्डेनकाइनेन प्रेझेंट्स: मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’ने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या एअर जेनासी या वायुवंशाची नव्याने मांडणी केली आणि पहिल्याच लेव्हलला त्याच्या हाती ‘शॉकिंग ग्रास्प’ दिले. जोडीला विजेच्या माराला रेझिस्टन्स. हे स्पेल नेमके काय करते ते पाहण्यासारखे आहे. शत्रूच्या जवळ जायचे, त्याला हात लावायचा, झटका द्यायचा. त्याच्या अंगावर धातूचे चिलखत असेल तर तेव्हाच्या नियमांत झटका बसण्याची शक्यता वाढत असे. न शिवता ढकलणे, न दिसता पोहोचणे, दाराच्या फटीतून आत शिरणे हा ज्याचा स्वभाव, त्या वाऱ्याच्या वंशाला अंगाशी भिडून वापरायची शक्ती मिळाली. आणि त्याच पुस्तकात आराकोक्रा या पक्षिवंशाला तिसऱ्या लेव्हलपासून ‘गस्ट ऑफ विंड’ आहे: साठ फूट लांब आणि दहा फूट रुंद झोत, समोरच्याला पंधरा फूट मागे रेटणारा, धूर पांगवणारा, मेणबत्त्या विझवणारा. वारा पक्ष्याला गेला आणि वाऱ्याच्या लेकराच्या वाट्याला वीज आली. एका पुस्तकातली ही वाटणी नजरचुकीने झालेली नाही. वायुवंशाकडे पाहण्याची जी सवय गेली काही वर्षे मुरत आली, तिचेच हे फळ आहे.

या सवयीचे मूळ नियमांच्या सांगाड्यात आहे. आगीला आगीचा मार असतो, पाण्याला थंडीचा देता येतो, वाऱ्याला स्वतःचा असा मार नाही. चार महाभूतांचे चार वंश एकाच तक्त्यात बसवायला घेतले की वायूच्या ओळीत एक रकाना रिकामा राहतो आणि लेखक तो विजेने भरतो, कारण वीज आभाळात असते. पाथफाइंडर या खेळातल्या सिल्फ या वायुवंशालाही विजेपासून पाच गुणांचे संरक्षण याच हिशेबाने मिळाले होते. पण या गोंधळातून बाहेर पडण्याची वाट सापडलेली नव्हती असे नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीतल्या, २००८च्या ‘फर्गॉटन रेल्म्स प्लेयर्स गाइड’मध्ये जेनासीला विंडसोल आणि स्टॉर्मसोल अशी दोन वेगळी रूपे होती, वारा आणि वादळ यांची गल्लत तिथे झाली नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत २०२१च्या ‘अँसेस्ट्री गाइड’ने सिल्फसाठी स्टॉर्मसोल हा स्वतंत्र पर्याय ठेवला, शेजारी धुराचा आणि विषारी वाफेचाही. ज्याला वीज हवी त्याने ती निवडावी. चौथी आवृत्ती ज्या गोष्टींसाठी शिव्या खाते त्या खाऊ दे, पण हा विवेक तिच्यापाशी होता, आणि २०२२ने तो पुसला.

श्वासाचे काय झाले हे त्याहून बोलके आहे. २००१च्या ‘फर्गॉटन रेल्म्स कँपेन सेटिंग’मधला एअर जेनासी श्वास घेतच नसे. नियमात स्पष्ट लिहिलेले होते: बुडून मरणार नाही, गुदमरणार नाही, हुंगून बाधणारे विष लागणार नाही. २०१५च्या ‘एलिमेंटल ईव्हिल प्लेयर्स कम्पॅनियन’मध्ये याचे ‘अनएंडिंग ब्रेथ’ झाले: शुद्धीवर आणि कृती करण्याच्या स्थितीत आहे तोवर हवा तितका वेळ श्वास रोखून धरता येतो. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पहिले विधान त्या प्राण्याच्या शरीराविषयी आहे आणि दुसरे त्याच्या एका कसबाविषयी. शिवाय या बदलाने किती प्रश्न उघडे टाकले ते पाहा. ‘स्टिंकिंग क्लाउड’ या स्पेलचा २०१४चा नियम म्हणत असे की ज्यांना श्वास घ्यावा लागत नाही ते आपोआप वाचतात. मग श्वास रोखलेला जेनासी वाचतो की नाही? ‘क्लाउडकिल’ तर तेव्हा श्वास रोखला तरी आणि श्वासाची गरज नसली तरी बाधतच असे. म्हणजे ज्या एका ठिकाणी हे वरदान झळकायचे तिथे स्पेलच्या लेखकाने दार आधीच लावून घेतले होते. पाण्याखाली श्वास रोखून धरलेल्या जेनासीला मंत्र मोठ्याने म्हणता येतो का, यावर नियम गप्प आहेत. वायुवंशाचा जादूगार खेळणाऱ्याला हा प्रश्न पहिल्या नदीपाशीच पडणार आणि उत्तर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ऐनवेळी शोधायचे. एकवीस वर्षांत या गुणाकडे कोणी मनापासून पाहिले असते तर चार वाक्यांत हे मिटले असते. त्याऐवजी २०२२ने ‘अनएंडिंग ब्रेथ’ला हात न लावता शेजारी ‘शॉकिंग ग्रास्प’, तिसऱ्या लेव्हलला ‘फेदर फॉल’ आणि पाचव्याला ‘लेव्हिटेट’ रचून दिले.

‘लेव्हिटेट’विषयीही एकदा बोलायला हवे, कारण २००१पासून ते या वंशाला पुन्हा पुन्हा चिकटत आले आहे. हे स्पेल माणसाला सरळ वर उचलते, एका वेळी वीस फुटांपर्यंत. आडवे जायचे तर भिंत किंवा छत हातांनी ढकलत सरकावे लागते. त्यात वाऱ्याचा संबंध कुठेच येत नाही. झोत नाही, दिशा नाही, वेग नाही. वजन नाहीसे होणे आणि वाऱ्याने वाहून नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पंखवाल्या वंशांवर जास्त जागा घालवण्याचे कारण दिसत नाही. आराकोक्राला २०१५मध्ये पन्नास फुटांचे उड्डाण दिले आणि लगेच डीएमशी बोलून घ्या अशी सूचनाही छापावी लागली. पुढे ते तीस फुटांवर आणले. २०२१मध्ये फेअरी आणि औलिन त्याच वाटेने आले. यांत उड्डाण आहे, वायू नाही.

खरा वायुवंश लिहिला गेला तो पाथफाइंडरच्या २०१२च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड रेस गाइड’मध्ये. त्यातल्या सिल्फचा मूळ साचा सामान्यच आहे: चपळाई आणि बुद्धी वाढलेली, काटकपणा घटलेला, दिवसातून एकदा ‘फेदर फॉल’. पण त्या साच्यातले गुण काढून त्यांच्या जागी दुसरे घेण्याचे जे पर्याय पुस्तकाने दिले, त्यांत ‘ब्रीझ-किस्ड’ नावाचा एक आहे आणि वायुवंश कसा लिहावा याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. या सिल्फभोवती वारा सतत घोंघावत असतो. त्यामुळे साध्या बाणांपासून, भाल्यांपासून तिच्या एसीत, म्हणजे बचावाच्या आकड्यात, दोनाची भर पडते. मनात आले की ती वारा शांत करू शकते, पुन्हा जागवू शकते. आणि दिवसातून एकदा तो सगळा वारा एका झोतात एकवटून तीस फुटांवरच्या कोणालाही ढकलू किंवा पाडू शकते. मात्र झोत लागो वा चुको, वारा संपतो. पुढचे चोवीस तास तिच्याभोवती काही नसते आणि बाणांपुढे ती इतर कोणाहीइतकीच उघडी असते.

एवढ्याशा परिच्छेदात किती गोष्टी साधल्या आहेत ते सावकाश पाहिले पाहिजे. हा गुण वापरण्याआधीच असतो. पात्र दालनात आले की पडदे हलतात, कागद उडतात, आणि लपायचे असेल तर वारा शांत करायचा निर्णय खेळणाऱ्याला घ्यावा लागतो. तो खर्च करता येतो आणि त्या खर्चाची किंमत अंगावर दिसते. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या राक्षसाला खाली ढकलायचे की पलीकडच्या बुरुजावरच्या तिरंदाजांसाठी वारा राखून ठेवायचा, हा प्रश्न फक्त याच वंशाच्या पात्रापुढे उभा राहतो. ‘शॉकिंग ग्रास्प’ घेतलेल्या पात्रापुढे असा प्रश्न येत नाही. ते स्पेल कोणत्याही होतकरू जादूगाराकडे असते. आणि मुख्य म्हणजे ‘ब्रीझ-किस्ड’ हे कुठल्या स्पेलचे नाव टाकून भागवलेले नाही. लेखकाने बसून वाऱ्याचा विचार केला, तो कुठे असतो, कशाला अडवतो, कधी पडतो, आणि त्याचे नियम केले. त्याच पुस्तकातली ‘क्लाउड गेझर’ ही फीट, म्हणजे निवडून घ्यायची खास क्षमता, याच जातीची. ती घेतलेल्या सिल्फला धुके, ढग यांतून सरळ दिसते. धुके जादूचे असेल तर नेहमीपेक्षा तिप्पट अंतरापर्यंत दिसते. धुके हा बाकीच्यांचा अडसर आणि हिचा आडोसा. अशी फीट घेतलेली खेळाडू धुके शोधत फिरते, ते पाडणारे स्पेल शिकते, पहाटे नदीकाठी लढाई व्हावी असा डाव आखते. वंशाने खेळण्याची पद्धत बदलली, याला मी यश म्हणतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुर्मिळतेचा. धुके रोज पडत नाही, पाण्यात रोज उतरावे लागत नाही, बाण रोज येत नाहीत. उलट शत्रूला झटका प्रत्येक लढाईत देता येतो. पण वंशाची रचना लढाईतल्या सरासरीवर तोलायची कशासाठी? दर फेरीला काय करायचे हे ठरवायला वर्ग आहे, शस्त्र आहे, स्पेलांची यादी आहे. वंशाने द्यायचे ते असे काहीतरी, जे दहा प्रसंगांत एकदा आले तरी त्या प्रसंगाचा निकाल फिरवील. बुडालेल्या देवळाच्या तळाशी एकटाच उतरू शकणारा, धूर भरलेल्या कोठारातून मुलांना बाहेर काढणारा: कँपेन संपल्यावर माणसे हे सांगतात. एक आठ-बाजूंचा फासा टाकून किती वेळा झटका दिला हे कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप डीएमच्या ओझ्याचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. वारा कुठून वाहतो, दालन किती बंद आहे, याचा हिशेब कोणी ठेवायचा? स्पेलचे नाव दिले की नियम तयार मिळतो, म्हणूनच ती पद्धत रुळली. पण ‘ब्रीझ-किस्ड’ला यातले काहीच लागत नाही, त्याचा वारा पात्राबरोबर येतो. ओझे वाढते ते अर्धवट लिहिलेल्या गुणांमुळे, ‘अनएंडिंग ब्रेथ’ आणि ‘स्टिंकिंग क्लाउड’ यांच्यामधल्या पोकळीमुळे. नीट लिहिलेला गुण डीएमचे काम कमी करतो. ‘अव्हतार लेजेंड्स’ने २०२२मध्ये वेगळी वाट धरली: वायू हा तिथे वंश नाहीच, ते प्रशिक्षण आहे, आणि कोण काय करू शकतो हे बरेचसे कथेच्या ओघात ठरते. त्या खेळाला ते शोभते. पण फुटाफुटाचे अंतर मोजणाऱ्या खेळांत ती सूट मागता येणार नाही. तिथे वारा फुटांतच लिहिला पाहिजे.

आणि या परंपरेत एक गोष्ट फारशी विचारली गेली नाही: वायू नाजूकच कशावरून? सिल्फ ही कल्पना सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मांडली, पुढे अलेक्झांडर पोपने तिला नटवे, तरल रूप दिले, आणि पाथफाइंडरच्या लेखकांनी त्यातूनच काटकपणातली वजाबाकी काढली. आपल्याकडे वायूचे पुत्र भीम आणि हनुमान आहेत. मराठी मुलखात तालमीत मारुती असतो, दंड-बैठका काढणाऱ्यांचे ते दैवत. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात इंद्राचे वज्र लागून बाळ हनुमान कोसळतो, तेव्हा वायू त्याला घेऊन गुहेत जाऊन बसतो आणि जगातल्या सगळ्या प्राण्यांचा श्वास कोंडतो. तो कोणावर विजेचा मारा करत नाही. वज्र तर समोरच्याचे आहे. तो फक्त वाहणे थांबवतो आणि देवांना शरण यावे लागते. वायूची सत्ता यापेक्षा नेमकी कुणी सांगितली आहे? तरी श्वास काढून घेणारा, आवाज वाहून नेणारा किंवा अडवून धरणारा, वासावरून माग काढणारा, शिडात वारा भरणारा वायुवंश अजून मुख्य पुस्तकांत पुरता आलेला नाही. वंश बलदंड असू शकतो, जड चिलखतात फिरू शकतो आणि तरीही वाऱ्याचा असू शकतो, हे क्वचितच मनावर घेतले गेले.

२०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधल्या दहा वंशांत जेनासी नाही, म्हणजे तो पुन्हा लिहिण्याची जागा मोकळी आहे. जो कोणी ते काम हाती घेईल त्याने पहिल्या लेव्हलला श्वासाचा नियम पूर्ण लिहावा: हा प्राणी श्वास घेत नाही, हुंगायचे विष त्याला लागत नाही, आणि पाण्याखाली तो बोलू शकतो की नाही. त्याच लेव्हलला अंगाभोवतीचा वारा द्यावा, खर्चता येणारा आणि खर्चल्यावर दिवसभर न परतणारा. तिसऱ्याला आवाज: शंभर पावलांवरची कुजबुज ऐकू यावी, किंवा आपली कुजबुज तिथवर पोहोचावी. पाचव्याला धुक्यातली दृष्टी. उड्डाण द्यायचेच तर नवव्याला, आणि तेही वारा शिल्लक असेल तरच. वीज हवी असणाऱ्यांसाठी २००८सारखे वेगळे रूप काढावे आणि त्याला वादळाचे नाव द्यावे.