हिमगर्भातील ‘डोळा’ : एका रूपकाची चिकित्सा

दक्षिण ध्रुवावरील ‘आइसक्यूब’ या न्यूट्रिनो-वेधयंत्राविषयी लिहिताना त्याच्या प्रकाशसंवेदकांस ‘डोळे’ म्हणण्याचा मोह सहज होतो. परिभाषेच्या तासाला मीही तो आवरलेला नाही. परंतु हे रूपक संवेदकाच्या रचनेचे मर्म झाकून टाकते, असे आता माझे मत झाले आहे.

न्यूट्रिनो कोणासच दिसत नाही. तो क्वचित हिमातील अणुकेंद्रावर आदळतो. त्यातून निघालेला विद्युद्भारित कण हिमातील प्रकाशाहून वेगाने धावला, म्हणजे निळसर चेरेंकोव्ह प्रकाश उमटतो. यंत्राच्या पदरी पडतो तो एवढाच. डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झालेल्या या यंत्रात ८६ तारांवर ५१६० संवेदक १४५० ते २४५० मीटर खोलीवर गोठलेले आहेत. प्रत्येकाच्या काचगोलात १० इंची प्रकाशगुणक नलिका अधोमुख बसविलेली आहे. कारण पृथ्वीचे पोट भेदून वर येणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग विशेषेकरून घ्यावयाचा होता. येथवर ‘डोळा’ शोभतो.

पुढे मात्र तो अडखळतो. डोळ्याचे बुबुळ स्वतः प्रकाशत नाही. ही काच प्रकाशते! तिच्यातील पोटॅशियम-४० च्या क्षयातून निघणारा प्रकाश गाढ अंधारातही नलिकेस खोटी वर्दी देतो. म्हणून काचेची निवड करताना ती दाब किती सोसते याबरोबरच ती गप्प किती राहते, हेही पाहावे लागते. शिवाय येथे प्रतिमा मिळत नाही, क्षण मिळतो. प्रकाश कोणत्या संवेदकाशी किती अब्जांश सेकंद आधी पोहोचला, यावरून कणाची दिशा ठरते. पूर्वीच्या ‘अमांडा’ यंत्रात संकेत लांबलचक केबलने पृष्ठभागावर आणून मोजीत. वाटेत तो पसरट होई. ‘आइसक्यूब’मध्ये संकेताचे अंकन संवेदकाच्या पोटातच होते. रचनाकारांची खरी प्रतिभा मला येथे दिसते, नलिकेच्या आकारात नव्हे. आणि विवर गोठल्यावर दुरुस्तीस हात पोहोचत नाही, ही अट तर प्रत्येक सुट्या भागावर आहेच.

विस्तारासाठी योजिलेल्या एका नव्या संवेदकात २४ लहान नलिका चहूंकडे तोंड करून आहेत. दुसऱ्यात दोन, एक ऊर्ध्वमुख व एक अधोमुख. यांस डोळा म्हणावयाचे, तर तो कोणत्या प्राण्याचा? मला ‘साक्षी’ हा शब्द बरा वाटतो. त्याच्याही पोटी ‘अक्षि’ आहे, हे मान्य. तथापि साक्षीदारास आपण ‘केव्हा?’ आणि ‘किती?’ असेच विचारतो, व तो मनचे किती बोलतो तेही तपासतो.