‘यमुनापर्यटन’ आणि परदोषदर्शनाचा प्रश्न

ख्रिस्ती माणसाने इतरांच्या वर्तनाचा न्याय करावा काय, हा प्रश्न बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या मुळाशी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात इतरांचा न्याय करू नये, असा इशारा आहे. परंतु स्वतःच्या डोळ्यातील मुसळ आधी काढल्यास भावाच्या डोळ्यातील कुसळ काढता येते, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे निषेध आहे तो दांभिकतेचा.

यमुना प्रवासात विधवांची दुःखे जाणून घेते. केशवपनासारख्या रूढीविषयी लेखकाचा निर्णय कठोर आहे. रूढीने पीडलेल्या स्त्रीला मात्र तो दोषी ठरवीत नाही. येथे मौन म्हणजे क्रौर्याला संमतीच ठरली असती. तथापि रूढीचा दोष हिंदू धर्मावर ठेवताना लावलेली कसोटी ख्रिस्ती समाजाला लावली जात नाही. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पदमनजींनी धर्मांतरापूर्वीच्या स्वतःच्या मनाची चिकित्सा केली. कादंबरीत अशी स्वपरीक्षा आढळत नाही, ही तिची मर्यादा होय.

सारांश, पीडितांच्या बाजूने न्याय करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य ठरते. मात्र त्याच कसोटीस त्याने प्रथम स्वतः उतरले पाहिजे.