खर्डा आणि पक्की वही : हौशी रेडिओ केंद्राच्या नोंदींबद्दल



खर्ड्यात येऊन 'खर्डा' या शब्दावर बोलणं जरा सवंगच, पण आज त्याला इलाज नाही. मराठी कारकुनीत खर्डा म्हणजे कच्चं लिखाण. त्यात खाडाखोड चालते. पुढे त्याची पक्की प्रत होते आणि सही-शिक्का त्या प्रतीवर बसतो. इथल्या काही तरुणांना हौशी रेडिओचं केंद्र उभं करायचंय. त्यांनी मला विचारलं की नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं आणि त्यासाठी यंत्रं कुठली घ्यावीत. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि संध्याकाळी मोर्स बडवला, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला असावा. पण उत्तर देण्याआधी मला उलटा प्रश्न विचारावासा वाटतो: तुम्हाला खर्डा ठेवायचाय की पक्की वही?

आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांनी या बाबतीत संदिग्धता ठेवली नव्हती. नोंदवही शिवलेली हवी, सुटी पानं चालणार नाहीत, दोन नोंदींच्या मध्ये जागा सोडायची नाही, आणि नोंद त्या त्या वेळीच करायची. हे वाचलं की मला पेशवे दफ्तरातली रोजकीर्द आठवते. ११ मार्च १७९५ ला या गावाच्या परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या स्वारीवर बखर आहे, ती वाचायला मजा येते, आणि इतिहासाचा अभ्यासक ती दहा वेळा तपासून घेतो. रोजकीर्द वाचायला कंटाळवाणी असते. अमुक दिवशी अमक्याला इतके रुपये दिले, बस. पण विश्वास तिच्यावर बसतो, कारण लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. रेडिओची नोंदवही ही रोजकीर्द आहे. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं मात्र रोजकीर्दीचं सोंग आणतात आणि आतून खर्डाच असतात. पाच वर्षांपूर्वीची नोंद उघडा, वेळ बदला, जतन करा. मागे खूण राहीलच असं नाही.

वेळेचीच गोष्ट घ्या. जगभरचे हौशी लोक नोंद यूटीसीत करतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. किल्लारीचा भूकंप आपल्या सगळ्यांच्या स्मरणात ३० सप्टेंबर १९९३ ला आहे, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. यूटीसीत ती वेळ २९ सप्टेंबरची रात्र होते, २२ वाजून २६ मिनिटं. त्या काळात हौशी रेडिओवाल्यांनी तिथे संदेशवहनाचं काम केलं. यूटीसीत ठेवलेल्या वहीत भूकंपाची तारीख एकोणतीस आणि गावच्या आठवणीत तीस, दोन्ही खरं. (आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबाने पंचांगाची साक्ष यूटीसीच्याच बाजूने जाते, ही गंमत वेगळी.) तेव्हा पहिली कसोटी अशी, की सॉफ्टवेअरने दोन्ही वेळा शेजारी शेजारी दाखवल्या पाहिजेत, आणि कोणती कुठली हे नवख्यालाही कळलं पाहिजे. संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि सॉफ्टवेअर त्यालाच यूटीसी समजतंय, ही नव्या केंद्रावरची नेहमीची चूक आहे. वर्षभराच्या नोंदी साडेपाच तास सरकलेल्या असतात, आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअरांकडे येऊ. स्पर्धेसाठी एन१एमएम लॉगर प्लस. फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि त्याचा वेग कौतुकास्पद आहे. रोजच्या नोंदींना लॉग४ओएम, तेही फुकट, तेही विंडोजवर. लिनक्स वापरत असाल तर सीक्यूआरलॉग. स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर ठेवून कुठूनही उघडायचं असेल तर क्लाउडलॉग किंवा वेव्हलॉग. ही सगळी कामाची आहेत, आणि यांच्यातल्या फरकांवर भांडणारे लोक मला स्वयंपाकापेक्षा भांड्यांवर जास्त बोलणारे वाटतात.

माझी तक्रार निराळी आहे. स्पर्धेच्या सॉफ्टवेअरात समोरच्याचं संकेतनाव लिहिलं की सिग्नलचा शेरा आपोआप उमटतो: ५९. म्हणजे 'पूर्ण स्पष्ट, अतिशय जोरदार'. समोरचा माणूस खरखरीत बुडालाय, त्याचं नाव तीनदा विचारलंय, तरी ५९. आणि तोही तुम्हाला ५९ च देतो. हा शिष्टाचार सॉफ्टवेअरने जन्माला घातला नाही, माणसांनीच घातला. सॉफ्टवेअरने तो रकान्यात आधीच भरून ठेवला एवढंच. पण आधी भरून ठेवलेला रकाना हा प्रत्यक्षावर आघात आहे. न ऐकता लिहिलेलं प्रत्यक्ष कसलं? उलट एफटी८ पाहा. २०१७ साली आलेली ही पद्धत. स्टीव्ह फ्रँके आणि नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी केलेली. पंधरा पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत दोन संगणक एकमेकांशी बोलतात आणि सिग्नलचं माप डेसिबलमध्ये यंत्र स्वतः काढतं. शेवटी नोंदीची चौकट भरून समोर येते, तुम्ही फक्त होकार द्यायचा. जुने लोक याला 'रेडिओ नव्हे' म्हणतात. मी जुनाच आहे, पण मला कबूल करावं लागतं की शेऱ्याच्या बाबतीत हे यंत्र आपल्यापेक्षा प्रामाणिक निघालं.

मग नोंद खरी कशावरून? नैयायिक म्हणतील की ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. मीमांसक म्हणतील, ते स्वतःच प्रमाण असतं, खोटं ठरवायचं तर पुरावा तुम्ही आणा. अमेरिकेतल्या एआरआरएल संस्थेचं 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' पक्कं नैयायिक आहे. तुमची नोंद आणि समोरच्याची नोंद ताडून बघायची. संकेतनावं, पट्टा, पद्धत जुळली आणि वेळेत तीस मिनिटांहून जास्त फरक नसला, तर संपर्क सिद्ध. बौद्ध तार्किकांचा 'अविसंवादी' हा शब्द मला इथे फार आवडतो. दोन वह्यांत विसंवाद नाही, म्हणून संवाद झाला! पण मे २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ही सेवा बंद पडली ती जुलैपर्यंत. ज्यांच्या घरी स्वतःची प्रत होती, त्यांना नुसती वाट बघावी लागली. त्याआधी २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत याहून वाईट प्रकार गाजला होता. विकत घ्यायच्या एका सॉफ्टवेअरवर एका ग्राहकाने प्रतिकूल अभिप्राय लिहिला. पुढे तो मदत मागायला गेला, तर त्याची प्रतच निकामी करण्यात आली. गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागितली. पण रोजकीर्दीच्या कपाटाची किल्ली वही विकणाऱ्या दुकानदाराकडे असते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. म्हणून दुसरी कसोटी: इंटरनेट नसताना, कुणाचीही परवानगी न घेता, सगळ्या नोंदी एडीआयएफ या सामाईक स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत. विकत घेण्याआधी, वापरायच्या पहिल्याच दिवशी, दहा नोंदी करून हे तपासा.

आणि इथेच आपल्या भाषेचा प्रश्न येतो. एडीआयएफच्या नेहमीच्या फायलीत इंग्रजी मुळाक्षरांपलीकडचं काही बसत नाही. प्रत्येक रकान्याआधी तो किती अक्षरांचा आहे हा आकडा असतो. आता 'किल्लारी' किती अक्षरांचं? वाचणाऱ्याला तीन. संगणकाच्या वर्णसंकेतात आठ. साठवताना चोवीस बाइट. कुठला आकडा लिहायचा यावर दोन सॉफ्टवेअरांचं एकमत झालं नाही, तर पुढचे रकाने तुटतात, नाहीतर शेऱ्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. याच स्वरूपाच्या दुसऱ्या प्रकारात इतर लिप्यांची सोय केलेली आहे, पण ती वापरणारे थोडे. मला हे क्षुल्लक वाटत नाही. 'वीज गेली, बॅटरीवर होतो, आवाज थरथरत होता' हे मराठीत लिहिलेलं वाक्य पुढच्या संगणकावर पोचणार नसेल, तर त्या नोंदीतला माणूस गेला आणि आकडे राहिले.

याचं टोक पोर्ट ब्लेअरला दिसलं. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या संस्थेचं पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानातून व्हीयू४आरबीआय या संकेतनावाने बोलत होतं. अनेक वर्षांनी तिथून हौशी रेडिओ ऐकू येत होता, त्यामुळे जगभरच्या लोकांनी हजारो संपर्क नोंदवून घेतले. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच केंद्र लोकांचा ठावठिकाणा कळवायच्या कामाला लागलं. अशा संदेशाला सॉफ्टवेअरात रकाना कुठला? कुणी कुणासाठी काय विचारलं, उत्तर आलं का, कुणाला पोचवलं? पट्टा आणि ५९ लिहून हे भागत नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. विंडोजचा जुना लॅपटॉप असेल तर नवं काही घेऊ नका. त्याची स्वतःची बॅटरी असते, हा मोठाच गुण. रास्पबेरी पाय स्वस्त आहे, वीज कमी खातो, पण चौथ्या पिढीपर्यंत त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाचव्यात आहे, तर बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज चार तास गेली आणि इंटरनेटही नसलं, तर तो उठतो तेव्हा त्याच्या लेखी ते चार तास झालेलेच नसतात. एफटी८ वर असाल तर लगेच कळेल, कारण तिथे दोनेक सेकंदांच्या चुकीनेही काही उकलत नाही. आवाजावर बोलत असाल तर कळणारच नाही. तेव्हा डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा, जमलं तर जीपीएस रिसीव्हर. रेडिओसंच यूएसबी तारेने संगणकाला जोडता येणारा घ्या, म्हणजे वारंवारिता आपोआप नोंदली जाते. तेवढं एक काम यंत्रावर खुशाल सोपवा.

आणि मुलांनो, टेबलावर एक शिवलेली वही ठेवा. शंभर पानी पुरते. आणीबाणीचे संदेश आणि मराठी शेरे तिच्यात, पेनने, घड्याळात बघून. सॉफ्टवेअर लॉग४ओएम घ्या. ते नाही आवडलं तर दुसरं घ्या, दहा नोंदींची परीक्षा मात्र त्यालाही लावा.