पिढ्यांचं अंतर कशानं मोजायचं?

कॉलेजात ‘दोन पिढ्यांतील अंतर’ असा विषय देतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घ्या, स्वतःशी तुलना करा, चार पानं भरून आणा. विषय वाईट नाही. त्याची मोजपट्टी मात्र परक्या घरातली आहे. आजोबा धोतर नेसायचे, नातू पँट घालतो. आजी देवदेव करायची, नात सिनेमा बघते. आजोबा मुकाट सोसायचे, नातू तोंडावर बोलतो. झाला निबंध! आपली पोरंही हाच साचा उचलतात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. दोस्तहो, या साच्याची झडती घेतली पाहिजे.

उंब्रजच्या पोराला पुराव्यासाठी लांब जायला नको. शेजारी मसूरचं रेल्वे स्टेशन आहे. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही पोरं तिथं उतरली. त्यांत लहानगा भीमराव होता. बाप लष्करातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात सरकारी कामावर रोखपाल. पोरांच्या अंगावर झकास कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तरला ती बामणाची पोरं वाटली. जात कळली आणि त्याचं तोंड फिरलं. भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण कुणी बसवून घेईना. शेवटी ठरलं ते असं: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवानानं बाजूनं चालायचं. जवळ खायला होतं, पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हे पुढं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं.

आता लावा निबंधाची मोजपट्टी. शिक्षण आलं, नोकरी आली, कपडा बदलला. म्हणजे पिढी बदलली? मग पाणी का नाही मिळालं? कारण बदल एकाच बाजूला झाला होता. गाडीवान आणि स्टेशनमास्तर होते तिथंच उभे होते. आपल्याकडं पिढ्यांचं अंतर फक्त आपल्या घरात मोजून भागत नाही. ते गावाच्या दुसऱ्या टोकालाही मोजावं लागतं.

दुसरं, ‘आजोबा मुकाट सोसायचे’ हे वाक्य. हे कुणी सांगितलं? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाबाबतचं बिल मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५९ साली. मधे एकतीस वर्षं गेली. मागणी करणारे एका पिढीचे, मोकळे झालेले दुसऱ्या पिढीचे. पेरलं त्यांनी, मळणी आपल्या खळ्यावर झाली. आणि वर आपणच त्यांना भित्रे म्हणायचं?

तिसरी गोष्ट आपल्या आत्मकथनांची. निबंधात शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हमखास येतं. आटपाडीच्या तराळाचा पोरगा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. नावातच शिडी आहे, म्हणून वाचणाराही फक्त पायऱ्या मोजतो. ती शिडी खरीच आहे, पण सगळी पिढी त्या शिडीवर नव्हती. त्याच पिढीच्या शांताबाई कांबळे मास्तरीण झाल्या. त्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तक म्हणून आलं १९८६ साली, म्हणजे त्यांचा मुलगा अरुण कांबळे पँथर म्हणून गाजल्यावर. पोराचा आवाज आधी ऐकू आला, आईचा मागनं. त्याच साली फलटणच्या बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आलं. त्या दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. वर्षानुवर्षं वह्या दडवून ठेवल्या. म्हणजे ‘जुनी पिढी’ अशी एकसंध काही चीज नाही. एकाच छपराखाली बापाची पिढी वेगळी आणि आईची वेगळी. सभेला गेलेल्या बापाचं लिहायचं आणि मागं राहून चूल-पोरं सांभाळणाऱ्या आईला ‘अडाणी पिढी’ म्हणून दोन ओळींत गुंडाळायचं, हे आपल्याला शोभत नाही.

मग विचारायचं कसं? तलाठ्यासारखं कागद-पेन घेऊन ‘तुमच्या काळात काय होतं?’ म्हटलं, की म्हातारी एकच सांगणार: “काय सांगू बाबा, गेलं ते दिस.” तिचं चुकत नाही, प्रश्नच बोथट आहे. कामाचं नाव घेऊन विचारा. येसकरकी कुणी सोडली? मेलं ढोर ओढायचं कधी बंद केलं? पहिल्या दिवशी गावानं काय केलं, दळण-काम तोडलं का? पाणी कुठनं आणायचीस? देव्हारा कुणी उचलला, आणि त्या रात्री घरात कोण रडलं? सन तिला सांगता येणार नाही. पण धर्मांतराच्या आधी का मागनं, कोयनेच्या भूकंपाच्या (१९६७) आधी का मागनं, बहात्तरच्या दुष्काळात का, हे ती बरोबर सांगेल. तिच्या कॅलेंडरवर तारखा लावायचं काम तुमचं.

आणि एक प्रश्न वाड्यावरही न्या. तुमच्या आजानं कधी सोडलं? शिवायचं, कप वेगळा ठेवायचं, ते सोडलं का, आणि कुणामुळं? तिथं उत्तर मिळालं नाही, तर ती गप्पही निबंधात लिहा. मार्क दोन कमी पडतील. पडू द्या. पण मसूरच्या त्या गाडीवानाची पिढी किती पुढं सरकली, याची नोंद कुठंतरी झालीच पाहिजे. ती दुसरं कुणी करणार नाही.