रेतीवरचा दिवस

कवितेचे रसग्रहण करतात, रागाचे करतात. एका दिवसाचेही करावे, असा हा दिवस आहे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात कुंभलीजवळ चुलबंद नदीवर दुर्गाबाईचा डोह आहे. मकरसंक्रांतीला तिथे यात्रा भरते. तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावांतून घरेच्या घरे नदीवर जातात आणि सणाला नागपूर-पुण्याहून आलेली नातवंडेही त्यांच्यासोबत असतात. त्यातल्याच एखाद्या चार-पाच वर्षांच्या पोराच्या मागे मागे हा दिवस पाहायचा.

पहिली दाद मुहूर्ताला. हा धानाचा मुलूख. जानेवारीत बांध्या रिकाम्या झालेल्या असतात, धान घरी आलेले असते, त्यामुळे मोठ्या माणसांच्या बसण्यात घाई नसते. नदीही पावसाळ्यातली राहिलेली नसते. जिथे पात्र उथळ आहे तिथे धार एका अंगाने वाहते आणि उरलेली जागा रेतीची. घरच्यांनी सतरंजी टाकलेली, तीन दगडांची चूल पेटलेली. आजी एकदाच सांगते, “डोहाकडे जाऊ नोको, बाबू.” त्यानंतर त्याला कोणी काही सांगत नाही.

पोराला देखावा वगैरे दिसत नाही. ते खाली बसते आणि रेती उकरू लागते. वरची रेती कोरडी, भुरभुरीत. वीतभर खाली ती ओली, गार आणि जड लागते. आणखी खाली गेले की खड्ड्याच्या तळाशी पाणी जमते, गढूळ. गावचा मामा येऊन ओंजळीने ते पाणी बाहेर फेकायला शिकवतो. एकदा, दोनदा, पाचदा. मग जे पाणी झिरपून येते ते नितळ असते, कारण रेतीने ते गाळलेले असते. हा झिरा. नदीकाठची माणसे पिण्याचे पाणी असेच काढत आली. पोराला यातले काही ठाऊक नाही. आपण पाणी तयार केले, एवढेच त्याला कळते. पुढचा तासभर ते झिऱ्याचा काठ ढासळू नये म्हणून राबत असते, आणि काठ ढासळतच असतो.

या दिवसाचे मर्म मला इथे सापडते. मोठ्यांची विश्रांती म्हणजे हातपाय न हलवणे. मुलाची विश्रांती म्हणजे कोणी न सांगितलेले काम. भरताने सांगितलेले रस आठ; शांतरसाची भर मागाहून पडली. त्या शांताची कल्पना आपण मिटल्या डोळ्यांनी करतो. कोपरापर्यंत रेतीने माखलेला शांतरस कोणी पाहायचा असेल तर इथे यावे.

‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग आठवून पाहा. विहिरीला भिऊन लपलेला श्याम, त्याला बाहेर काढणारी आई, मग धीट होणे. थोर प्रसंग आहे, पण तिथे पाणी धडा द्यायला येते. चुलबंदीच्या उथळ धारेत धडा नाही. घोट्याएवढ्या पाण्यात पोर बसकण मारते, थंडीने किंचाळते, पळून येते आणि पुन्हा जाते. कोणी टाळ्या वाजवत नाही, हे फार बरे.

जेवणाबद्दल थोडक्यात: गोवरीवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर तिळाचा लाडू. दातांखाली रेती येणारच. दुपारनंतर पाळणे, फुगे, पिपाण्या सुरू होतात. ती मजा खरी, पण ती कुठल्याही यात्रेत मिळते.

रेती मात्र सगळीकडे मिळत नाही. गोसेखुर्द धरणाचे पाणी भंडाऱ्यापर्यंत तुंबल्यावर वैनगंगेचे पुष्कळ पात्र बाराही महिने पाण्याखाली गेले. इतर नद्यांच्या घाटांवरून रेती ट्रॅक्टर-टिप्परांनी बांधकामांवर जाते. उपसलेल्या पात्रात खड्डे राहतात. पाण्याखाली ते दिसत नाहीत आणि लेकरू सोडावे अशी जागा उरत नाही.

म्हणून संक्रांतीला तिकडे जाणार असाल तर सकाळीच निघा. डोहापासून लांब, तळ दिसेल अशा जागी बसा. पोर पाण्यात उतरण्याआधी पात्रातून स्वतः चालून पाहा. खेळणी घरीच ठेवा. आणि झिरा अर्धा झालेला असताना त्याला जेवायला हाक मारू नका.